गाडीच्या रडारला नीट दिसतंय का, हे कसं ओळखायचं?

दसऱ्याच्या सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गाड्या धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून ओळीने उभ्या होत्या. शेजारच्या काकांनी आपल्या दोन वर्षांच्या गाडीच्या पुढच्या जाळीवर झेंडूचा भरगच्च हार बांधला, आंब्याचा डहाळा खोचला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि काकूंना घेऊन ते निघाले. एलबीएस रोडला लागून दोन सिग्नल होतात न होतात तोच मीटरच्या पडद्यावर पिवळी अक्षरं आली: 'फ्रंट रडार उपलब्ध नाही'. त्यांनी गाडी बाजूला घेऊन मला फोन लावला. "अरे, ते पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं यंत्र गेलं वाटतं. कितीला पडेल?" मी म्हटलं, "काका, आधी हार काढा." संध्याकाळी परत आले तेव्हा अक्षरं गेलेली होती.

काळजीची गोष्ट दिवाळीत घडली. पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावर, खालापूरच्या अलीकडे, काका मधल्या लेनमध्ये होते. क्रूझ, म्हणजे वेग आपोआप सांभाळणारी सोय, ८० वर लावलेलं, समोर मोकळा रस्ता. डावीकडच्या लेनमध्ये एक भरलेला ट्रक रखडत चाललेला. आणि गाडीने आपण होऊन ब्रेक मारला. मागचा गाडीवाला कसाबसा सावरला. पडद्यावर या वेळी एकही इशारा नव्हता.

हाराआडचं रडार 'मला दिसत नाही' असं सांगून बाजूला झालं होतं. दिवाळीतलं रडार भलतीकडे बघत होतं आणि गप्प होतं. वाहनांच्या वायरिंगचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहतो: लोक पहिल्या प्रकाराला घाबरून नवा सेन्सर घ्यायला निघतात, आणि दुसरा प्रकार त्यांच्या ध्यानीमनीही नसतो.

## हा सेन्सर नेमकं करतो काय?

साधं क्रूझ कंट्रोल तुम्ही लावलेला वेग धरून ठेवतं, बाकी काही बघत नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीवर नजर ठेवून, तिच्यापासूनचं अंतर राखायला वेग कमी-जास्त करतं. हे अंतर मीटरमध्ये नाही, तर सेकंदांत धरलेलं असतं. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं तर मध्ये सुमारे ५५ मीटर हवेत. वेग ८० वर आला की तेच दोन सेकंद ४४ मीटरचे होतात.

कल्पना नवी नाही. १९९५ मध्ये जपानमध्ये मित्सुबिशीच्या डियामांते गाडीत लेझरवर चालणारी अशी सोय आली होती. ती ब्रेक लावत नसे, फक्त थ्रॉटल आणि गिअर यांच्या जोरावर वेग उतरवत असे. १९९९ मध्ये मर्सिडीजने एस-क्लासमध्ये रडार बसवलं. आपल्याकडे २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली आणि मध्यमवर्गीय घरातल्या गाडीत रडार शिरलं. तेव्हापासून गॅरेजमध्ये या तक्रारी येऊ लागल्या.

काही गाड्यांत हे काम एकटा कॅमेरा करतो. होंडा सिटीच्या २०२२ च्या हायब्रिड मॉडेलमध्ये समोरच्या काचेमागचा कॅमेराच सगळं बघतो. अशा गाडीची पुढची काच बदलली की कॅमेऱ्याची जुळणी नव्याने करावी लागते, एवढं तिच्या मालकांनी पक्कं लक्षात ठेवावं. इथून पुढे मात्र मी रडारबद्दलच बोलतो.

## माथेरानची हाक

माथेरानच्या इको पॉइंटवर उभं राहून हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते. हाक जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजलं, की कडा किती लांब आहे ते कळतं. रडार हेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओ लहरी सोडतं. त्या सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतात. ६० मीटरवरच्या गाडीला लागून परत यायला त्यांना सेकंदाच्या दहालाखाव्या भागाचाही निम्म्याहून कमी वेळ लागतो.

एवढा बारीक वेळ थेट मोजण्याऐवजी अभियंत्यांनी एक सुंदर युक्ती काढली. समजा, एखादा गवई खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत अखंड मींड घेतोय. कड्यावरून परत येणारा सूर हा त्याने क्षणभर आधी लावलेला, म्हणजे थोडा खालचा सूर असणार. आत्ताचा सूर आणि परत आलेला सूर यांत जितका फरक, तितका कडा लांब. गाडीचं रडार अशीच चढती मींड पुन्हा पुन्हा सोडतं आणि सुरांमधला फरक मोजतं.

वेगासाठी दुसरी खूण आहे. न थांबणारी फास्ट लोकल भोंगा वाजवत फलाटावरून जाते तेव्हा जवळ येताना भोंगा चढा आणि पुढे गेल्यावर उतरलेला ऐकू येतो. परत आलेल्या लहरींतला हाच चढ-उतार पाहून रडारला समजतं की पुढची गाडी जवळ येतेय की लांब जातेय, आणि किती वेगाने.

बहुतेक गाड्यांचं पुढचं रडार ७६ ते ७७ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ७,७०० कोटी कंपनं. या लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर असते, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी. हा दाणा लक्षात ठेवा. बंपरवर दोन मिलिमीटर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली तर आपल्या डोळ्याला ती काहीच वाटत नाही, पण या लहरीच्या हिशोबाने तो भिंतीवर नवा थर चढवण्यासारखा प्रकार असतो.

## 'ब्लॉक्ड' असा मेसेज आला तर

ही अवस्था सगळ्यांत जास्त वेळा येते आणि बहुतेकदा फुकटात सुटते. प्लास्टिकमधून या लहरी सहज जातात. पाणी मात्र त्या शोषून घेतं आणि धातू त्यांना परत फिरवतो. ताज्या झेंडूच्या फुलांत पाणीच पाणी, म्हणून हार हा रडारसाठी ओला पडदा ठरतो. धो-धो पावसात हवेतल्या थेंबांपेक्षा बंपरवर साचलेली पाण्याची अखंड पापुद्र्यासारखी पातळ फिल्म जास्त अडचण करते. रस्त्याच्या कामांचा चिखल, जाळीवर बांधलेली लिंबू-मिरची, पुढे लावलेली जादा नंबरप्लेट, स्टिकर, लोखंडी बंपर गार्ड ही बाकीची मंडळी. बंपर गार्डला तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्येच मनाई केलेली आहे.

तेव्हा आपलं रडार कुठे बसलंय ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा. खालच्या जाळीत चौकोनी काळी पाटी दिसेल, नाहीतर ते लोगोच्या किंवा बंपरच्या मागे असेल. ती जागा मऊ ओल्या फडक्याने पुसा, पुढे बांधलेलं सगळं काढा आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू करून थोडं अंतर चालवा. रडारची समजूत लगेच पटत नाही. आपल्याला पुन्हा दिसू लागलंय याची खात्री करायला त्याला समोर काही वस्तू याव्या लागतात.

याच कारणामुळे कधी कधी स्वच्छ रडारही 'ब्लॉक्ड' म्हणतं. समोर बराच वेळ काहीच सापडलं नाही, तर रस्ता रिकामा आहे की आपले डोळे झाकलेत, हे त्याला ठरवता येत नाही. रात्रीच्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर एखाद्या वेळी असा मेसेज येऊन आपोआप गेला तर तो बिघाड समजू नका. रोज, कोरड्या हवेत, स्वच्छ बंपरवर येऊ लागला तर पुढे वाचा.

## हा बिघाड की त्याची मर्यादा?

गॅरेजमध्ये गाडी नेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा, कारण धडधाकट रडारलाही काही गोष्टी जमत नाहीत. बोरघाटातल्या वळणांवर त्याचा झोत सरळ जातो आणि रस्ता वळतो, मग पुढची गाडी क्षणभर हरवते. बोगद्यात आणि लोखंडी कठड्यांजवळ प्रतिध्वनींची गर्दी होते. अरुंद दुचाकी, लाकडी हातगाडी यांच्याकडून परत येणारी लहर क्षीण असते.

सगळ्यांत धोक्याची मर्यादा थांबलेल्या वाहनाची आहे. रस्त्यावर स्थिर वस्तू असंख्य: पाट्या, खांब, मॅनहोलची झाकणं, उड्डाणपुलाचे गर्डर. प्रत्येकीसाठी ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही. म्हणून वेगात असताना अनेक गाड्यांचं क्रूझ आधीपासून थांबलेल्या वस्तूंकडे कमी लक्ष देतं, आणि मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंही असतं. द्रुतगती मार्गावर लेनमध्ये बंद पडून उभा असलेला ट्रक आपलं क्रूझ पकडेलच, असं धरून चालू नका. हे कुठल्याही दुरुस्तीने बदलणार नाही.

याउलट पुढची लक्षणं दिसली तर मी बिघाडाचा संशय घेतो. सरळ रस्त्यावर शेजारच्या लेनमधल्या वाहनासाठी ब्रेक लागणं. पुढची गाडी पूर्वी जितक्या लांबून पडद्यावर दिसायची त्याच्या निम्म्या अंतरावर आल्यावर दिसणं. समोर गाडी असूनही तिचं चिन्ह पुन्हा पुन्हा जाणं. डोक्यावरच्या मोठ्या दिशाफलकाखालून जाताना ब्रेक लागणं. शेवटच्या लक्षणात रडारची मान वर झालेली असू शकते. मान खाली गेली असेल तर त्याला लांबचं दिसत नाही.

एक कळकळीची विनंती. ब्रेक लागतो का ते बघायला कुणाच्या गाडीमागे मुद्दाम वेगात जाऊ नका, आणि माणूस समोर उभा करून तर कधीच नाही.

## चाळीच्या गॅलरीतली हाक

मेसेज हटत नसेल तर आता स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावायची वेळ. गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, रडार अशा प्रत्येकाचा छोटा संगणक असतो आणि ते सगळे दोन वायरींच्या एका जाळ्यावरून बोलतात. त्या जाळ्याला कॅन म्हणतात. चाळीच्या गॅलरीसारखं आहे हे. एकाने मोठ्याने सांगितलेलं सगळ्यांना ऐकू येतं, ज्याच्या कामाचं असेल तो ते घेतो.

समजा, १४ नंबरच्या खोलीतून सकाळपासून आवाज नाही. शेजारी काळजीने म्हणतात, '१४ नंबरवाले बोलत नाहीयेत.' स्कॅनरवर दिसणारा यू ०२३५ हा कोड नेमका असा आहे: पुढच्या अंतर-सेन्सरशी संपर्क तुटला. तो कोड शेजाऱ्यांनी नोंदवलेला असतो. १४ नंबरवाले आजारी असतील, त्यांच्या घरची वीज गेली असेल, किंवा मधली गॅलरीच तुटली असेल. संपर्क तुटल्याच्या कोडवरून थेट 'सेन्सर मेला' म्हणणारा कारागीर दार न वाजवताच डॉक्टरला बोलावतो.

दार वाजवायचं म्हणजे मल्टिमीटर हातात घ्यायचा. आधी फ्यूज. मग सेन्सरचं कपलर (वायरी जोडायचा खटका) काढून, इग्निशन चालू करून, तिथे बॅटरीइतके व्होल्ट पोचतात का आणि अर्थिंग पक्कं आहे का. मग इग्निशन बंद करून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि कॅनच्या दोन वायरींमधला रोध मोजायचा. बहुतेक गाड्यांत या जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून निरोगी जाळं सुमारे ६० ओहम दाखवतं. १२० दिसले तर कुठेतरी तार तुटलीय, शून्याजवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. हे मोजायला मिनिटं लागतात. नव्या रडारच्या किमतीपुढे हा वेळ काहीच नाही, आणि तरीही ही पायरी गाळली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबईत या पायरीवर बरंच काही सापडतं. रडार बंपरमध्ये खाली असतं. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी एकदा गेली की कपलरमध्ये पाणी शिरू शकतं, आणि त्याचा परिणाम कधी कधी महिन्याभराने दिसतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो, पिन दिसायला जागेवर पण वीज अडखळत जाते. पावसाळ्यात ऊब शोधत बॉनेटखाली शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात, हे तर कुठल्याही सोसायटीच्या वॉचमनला विचारा.

आणि बॅटरी. नोकरदार माणूस आठवडाभर लोकलने जातो, गाडी खाली उभी असते. रविवारी स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली बसतं आणि निम्मे संगणक क्षणभर गडबडतात. स्कॅनरवर एकाच वेळी आठ-दहा कोड आले आणि त्यात रडारही असेल, तर आधी बॅटरी तपासा. प्रत्येक कोडसोबत तो पडला त्या क्षणाचा वेग, व्होल्टेज, तापमान अशी नोंद अनेक गाड्यांत राहते. ती नोंद न वाचता कोड पुसून टाकला तर पुरावाच गेला. 'कोड मारला, मेसेज गेला' यात काहीच दुरुस्त झालेलं नसतं.

एबीएस (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) किंवा ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचा दिवा सोबत पेटलेला असेल तर रडारला हातही लावू नका. क्रूझला चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन, ब्रेक पेडलचा स्विच हे सगळं लागतं. यातलं एक जरी बिनसलं तरी क्रूझ बंद होतं आणि आळ रडारवर येतो.

मोबाईलला जोडायचं स्वस्त डोंगल इथे सहसा कामाचं नसतं. ते मुख्यतः इंजिनच्या धुराशी संबंधित कोड वाचतं. रडारच्या संगणकात शिरणारा स्कॅनर लागतो.

## एक अंश म्हणजे किती?

आता काकांच्या गाडीकडे येतो. तिच्या स्कॅनरवर एकही कोड नव्हता. वीज ठीक, जाळं ठीक, बंपर स्वच्छ.

कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. स्ट्रायकर सोडताना बोट केसभर वळलं तर जवळची सोंगटी जाते, समोरच्या खिशाजवळची चुकते. कोनातली चूक अंतराबरोबर वाढते. रडार एक अंश वळलेलं असेल तर १० मीटरवर चूक वीतभरही नसते, पण १०० मीटरवर ती पावणेदोन मीटर होते. महामार्गाची लेन साडेतीन ते पावणेचार मीटर रुंद. म्हणजे एका अंशाने झोताचा मध्य आपल्या लेनच्या कडेला जाऊन पोचला, आणि दीड-दोन अंशांनी शेजारच्या लेनमध्ये शिरला. डावीकडे वळलेल्या रडारला डावीकडचा ट्रक 'अगदी समोर' दिसतो. त्याच्या दृष्टीने ते ब्रेक बरोबरच लावतं.

स्कॅनरच्या चालू आकड्यांमध्ये बहुतेक रडार आपला आडवा आणि उभा कलही दाखवतात. काकांच्या गाडीत आडवा कल दीड अंशाच्या आसपास निघाला. मी विचारलं, "काका, बंपरला कधी लागलं होतं का?" ते म्हणाले, "ऑगस्टमध्ये पार्किंगच्या खांबाला घासला होता. पण तो तर डेंटिंग-पेंटिंग करून घेतला की, आता डागही दिसत नाही." बंपर खोलला. रडार ज्या पट्टीवर बसतं ती पट्टी किंचित वाकलेली होती आणि तिची एक क्लिप तुटलेली. रंगकाम उत्तम झालं होतं. आत कुणी पाहिलंच नव्हतं.

मग गाडीने सांगितलं का नाही? पुष्कळ रडार चालता चालता कडेच्या स्थिर खांब-कठड्यांवरून आपला कल ताडून पाहतात. थोडा फरक हिशोबात भरून काढतात, मर्यादेबाहेर गेला तर कोड टाकतात. पण या तपासणीला सलग वेग, सरळ रस्ता आणि काही वेळ लागतो. ज्या गाडीचा दिवस मुलुंड चेकनाका ते बाजार आणि परत यात जातो, तिच्या रडारला स्वतःला तपासायची संधी मिळतच नाही. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत काकांची गाडी तशीच फिरली, आणि पहिल्या लांबच्या प्रवासाच्या तासाभरात ती चूक समोर आली.

बंपरला साधा धक्का लागला, बंपर काढून बसवला, स्प्रिंग बदलून गाडी खाली-वर केली, वेगळ्या मापाचे टायर टाकले, तर रडारचा कल तपासून घ्या. मागची चाकं तिरकी असतील तरी हिशोब चुकतो, कारण गाडी कुठल्या रेषेत पुढे जाते त्या रेषेशी रडार जुळवायचं असतं. म्हणून व्हील अलाइनमेंट आधी, रडार नंतर.

## बंपर रंगवला, त्यात काय एवढं?

इथे तो डाळीचा दाणा आठवा. फुटलेल्या बंपरला आतून चिकटवून, वर लांबी भरून, घासून, तीन हात रंग मारणं ही आपल्या कारागिरांची हातोटी आहे आणि बाकी बंपरवर ती खुशाल वापरावी. रडारच्या पुढच्या भागात मात्र जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, लहर अडते किंवा वाकते. मेटॅलिक रंगातले धातूचे कण अधिक त्रास देतात. म्हणून त्या भागाला तडा असेल तर बरेच उत्पादक दुरुस्तीला परवानगीच देत नाहीत, बंपर बदला म्हणतात. यात दरवेळी विक्रीचा डाव नसतो.

लोगोच्या मागे रडार असलेल्या गाड्यांचा लोगोही साधा नसतो. क्रोमसारखी चमक यावी पण लहर जावी म्हणून त्यावर इंडियमसारख्या धातूचा अतिशय विरळ थर देतात. तो फुटला म्हणून बाजारातला दिसायला तसाच क्रोमचा लोगो चिकटवला, तर रडारसमोर आरसा लावल्यासारखं होतं.

## नवा सेन्सर टाकला की विषय संपला ना?

नाही. नवा सेन्सर वाकलेल्याच पट्टीवर बसवला तर तोही वाकडंच बघणार. शिवाय नव्या सेन्सरला त्या गाडीची ओळख स्कॅनरने करून द्यावी लागते आणि मग जुळणी, म्हणजे कॅलिब्रेशन, करावं लागतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात, त्यात रडारही मिळू शकेल. दिसायला तेच, पण पार्ट नंबर किंवा आतलं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर गाडी त्याला स्वीकारत नाही. ब्रेकशी जोडलेल्या गोष्टीत मी जुना पार्ट घ्या असं सांगणार नाही.

कॅलिब्रेशन दोन तऱ्हांनी होतं, कुठली ते गाडीवर ठरतं. एकात गाडी सपाट जमिनीवर उभी करून, टायरची हवा बरोबर ठेवून, डिकी रिकामी करून, पुढे मोजलेल्या जागी धातूचा तिकोनी परावर्तक किंवा फळी लावतात. यासाठी गाडीपुढे काही मीटर मोकळी जागा लागते आणि आसपास लोखंडी कपाट, लिफ्ट नको. मुंबईतल्या गल्लीतल्या गॅरेजची अडचण कौशल्याची नसून जागेची असते, आणि चांगला कारागीर ते प्रामाणिकपणे सांगून दुसरीकडे पाठवतो. दुसऱ्या तऱ्हेत स्कॅनर जोडून ठराविक वेगाने रस्त्यावर गाडी चालवतात. त्यासाठी पहाटेचा पूर्व मुक्त मार्ग किंवा अटल सेतू बरा, कारण गर्दीत तो वेग टिकत नाही. स्कॅनर बघायला दुसरा माणूस हवाच. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा.

## पण मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्रूझ वापरतं कोण?

काकूंनी हाच प्रश्न केला. "त्यापेक्षा बंदच करून टाका ना ते." क्रूझ बंद ठेवता येतं, पण तोच सेन्सर टक्कर होण्याआधीचा इशारा देतो आणि शेवटच्या क्षणी आपोआप ब्रेकही लावतो. क्रूझ कधीच न लावणाऱ्याच्या गाडीतही तो सतत बघत असतो. वाकडं रडार म्हणजे नको तिथे लागणारा आणि हवा तिथे उशिरा लागणारा ब्रेक. त्यामुळे संशय असेल तर तपासणी होईपर्यंत क्रूझ लावू नका, अंतर स्वतः ठेवा आणि तपासणी लांबणीवर टाकू नका.

विम्याच्या दुरुस्तीत एक गोष्ट सांभाळा. बंपर बदलायचं एस्टिमेट बनतं तेव्हाच त्यात 'रडार कॅलिब्रेशन' ही ओळ आहे का ते बघा. नसेल तर सर्व्हेअर गाडी पाहायला येण्याआधी लिहून घ्या. काम झाल्यावर ती ओळ वाढवून मागणं जड जातं.

काकांच्या गाडीला नवी पट्टी आणि क्लिपा लागल्या. सेन्सर तोच राहिला. ठाण्याला जागा असलेल्या एका वर्कशॉपमध्ये आधी व्हील अलाइनमेंट आणि मग रडारची जुळणी करून घेतली. काम सुरू करण्याआधीचा कल आणि नंतरचा कल असे दोन्ही आकडे मी छापून मागितले. नंतरचा आकडा शून्याला जवळजवळ टेकलेला होता. तो कागद काकांनी गाडीच्या आरसीसोबत फाइलमध्ये लावलाय, आणि यंदाचा हार कुठे बांधायचा ते विचारायला ते आधीच येऊन गेलेत. मी त्यांना आरशांवर दोन छोटे हार बांधायला सांगितलंय.